खाणगावातला वरचा मजला

सिॲटल-बेल्व्ह्यूकडची मराठी मंडळी सुटीत गाडीने यलोस्टोनला निघाली की त्यांचा बहुतेक प्रवास आय-९० या महामार्गावरून होतो. वॉशिंग्टन राज्यातली गव्हाची पठारं मागे पडतात, आयडाहोचे डोंगर सुरू होतात आणि सिॲटलपासून साधारण ५८० किलोमीटरवर रस्ता खांबांवर चढतो. खाली चिंचोळ्या दरीत लाल विटांच्या दुमजली-तिमजली इमारतींचं एक गाव दिसतं आणि मिनिटभरात मागे जातं. गावाचं नाव वॉलेस, वस्ती ८०० च्या आत. तिथल्या सीडर स्ट्रीटवर एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर १९८८ पर्यंत कुंटणखाना चालत होता. त्याचं नाव ‘ओॲसिस रूम्स’. आज तिथे ‘ओॲसिस बोर्डेलो म्युझियम’ आहे.

असलं ठिकाण बघायला जावं का, मुलं बरोबर असतील तर काय करावं, तिथे नेमकं काय असतं, हे प्रश्न साहजिक आहेत. त्यांची उत्तरं पुढे येतीलच. आधी एवढंच सांगतो की हे संग्रहालय चावट गंमत म्हणून बघितलं तर वीस-पंचवीस मिनिटांत संपतं. कामाची जागा म्हणून बघितलं, म्हणजे गिरणी किंवा छापखाना बघावा तसं, तर मात्र त्याच्या भोवतीचं सगळं गाव उलगडायला लागतं.

गाव कसलं होतं

वॉलेस ज्या पट्ट्यात आहे त्याला सिल्व्हर व्हॅली म्हणतात. १८८४ च्या सुमाराला इथे खाणी सुरू झाल्या आणि तेव्हापासून १२० कोटी औंसांहून जास्त चांदी या डोंगरांतून निघाली. म्हणजे सुमारे ३७ हजार टन. शिसं आणि जस्त निघालं ते वेगळंच. जगातल्या मोठ्यात मोठ्या चांदीच्या पट्ट्यांत याची गणना होते. शेजारच्या मलन गावातली ‘लकी फ्रायडे’ ही खाण अजून चालू आहे, त्यामुळे हे पूर्णपणे भूतकाळात गेलेलं गाव नव्हे.

पहिलं गाव लाकडाचं होतं. ते १८९० च्या आगीत जळालं, मग लोकांनी विटांचं बांधलं. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-मॉन्टानाच्या जंगलांत जो महाभयंकर वणवा पेटला, त्यात विटांच्या गावाचाही एक तृतीयांश भाग गेला. ओॲसिसची इमारत १८९५ ची. ती या वणव्यातून वाचली. सुरुवातीला तिथे हॉटेल आणि दारूचा गुत्ता होता.

पुढे महामार्गाचा प्रश्न आला. आय-९० गावाच्या मध्यभागातून नेण्याचा, म्हणजे अर्ध्या इमारती पाडण्याचा बेत होता. गावकऱ्यांनी सगळा मध्यभागच राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाच्या यादीत नोंदवून घेतला, आणि सरकारला रस्ता उचलून बाजूने खांबांवरून न्यावा लागला. हे काम १९९१ मध्ये पुरं झालं. तोवर सिॲटल ते बॉस्टन या अख्ख्या रस्त्यावरचा शेवटचा सिग्नल वॉलेसमध्ये होता. सिग्नल काढला तेव्हा गावकऱ्यांनी त्याची रीतसर अंत्ययात्रा काढली. तो अजून शवपेटीत घालून गावातल्या खाण-संग्रहालयात ठेवलेला आहे. विनोदाची ही जात लक्षात ठेवायला हवी, कारण कुंटणखान्याची गोष्ट सांगतानाही गाव हाच सूर लावतं.

पाळी सुटल्यावर

कठीण खडकातल्या खाणीत काम करणारा माणूस तरुण असतो, बहुधा एकटा असतो, लांबून आलेला असतो, आणि पगाराच्या दिवशी त्याच्या खिशात रोकड असते. पश्चिम अमेरिकेतलं कुठलंही खाणगाव घ्या, खाण सुरू झाली की पहिल्या वर्षभरात तिथे चार धंदे हटकून उभे राहत: खाणावळ, गुत्ता, जुगाराचा अड्डा आणि कुंटणखाना. शाळा आणि चर्च मागाहून येत.

खाणमालकांनाही याचं वावडं नव्हतं. बायकापोरं घेऊन आलेल्या कामगाराला घर लागतं, पाणी लागतं, शाळा लागते. एकट्या माणसाला एक खाट पुरते. गिरणगावात एका खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपणारे आपले कोकणी-घाटी गिरणीकामगार ज्या हिशेबाने मुंबईत राहिले, तोच हिशेब इथे होता. कुटुंबाचा खर्च मालकाच्या खात्यात येऊच नये अशी ही व्यवस्था, आणि तिच्यातून जी पोकळी राहते ती भरायला दुसरं कोणीतरी दुकान थाटतं.

काम जिवावरचं होतं. १८९२ आणि १८९९ मध्ये इथे खाणकामगार आणि मालक यांच्यात अक्षरशः लढाया झाल्या. १८९९ च्या एप्रिलमध्ये कामगारांनी ‘बंकर हिल’ कंपनीचा धातुक प्रक्रियेचा कारखाना सुरुंग लावून उडवला. मग फौज आली, लष्करी कायदा लागला आणि शेकडो कामगारांना गुरांच्या कोंडवाड्यासारख्या जागेत डांबलं गेलं. २ मे १९७२ रोजी ‘सनशाइन’ खाणीत आग लागली. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड भुयारांतून पसरला आणि ९१ माणसं गुदमरून मेली. सात दिवसांनी खोल भुयारातून दोघे जिवंत सापडले. वॉलेसच्या पश्चिमेला महामार्गालगत या ९१ जणांचं स्मारक आहे. ओॲसिसमध्ये तेव्हा धंदा चालू होता. त्या ९१ जणांतले काही जण तिथला जिना चढले असणार, एवढं म्हणायला पुरावा लागत नाही.

जानेवारी १९८८

ओॲसिसची खरी किंमत तिच्या शेवटच्या दिवसात आहे. १९८८ च्या जानेवारीत एफबीआयची धाड पडणार अशी आवई उठली आणि तिथल्या बायका घाईघाईने निघून गेल्या. सामान तिथेच राहिलं. नंतर इमारत विकली गेली, आणि नव्या मालकांनी वरचा मजला साफ करून भाड्याने देण्याऐवजी होता तसाच ठेवला. १९९० च्या दशकात तो लोकांसाठी उघडला.

त्यामुळे इथे लाल मखमल आणि झुंबरं शोधत गेलेल्यांची निराशा होते. वरचा मजला म्हणजे ऐंशीच्या दशकातलं निम्नमध्यमवर्गीय अमेरिकन वसतिगृह. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना लहान खोल्या, पलंग, आरसे, सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्या, टांगलेले कपडे. स्वयंपाकघरात त्या दिवशी आणलेल्या किराण्याची पिशवी आहे आणि तिच्यात झटपट शिजणाऱ्या तांदळाचं खोकं आहे. ज्याने कोणी हा किराणा आणला त्याला संध्याकाळी जेवायला घरी असू अशी खात्री होती. या एका पिशवीने जे कळतं ते मखमलीच्या दहा पडद्यांनी कळलं नसतं: या बायका इथे राहत होत्या, भात शिजवत होत्या, भांडी घासायची पाळी कोणाची यावरून त्यांची भांडणंही होत असतील.

मात्र इथेच मला एक गोष्ट खटकते. १९८८ मध्ये पंचविशीत असलेली बाई आज साठी ओलांडून गेली असेल. ती कुठे आहे, कोणाची आजी आहे, कोणाला ठाऊक नाही, आणि कळूही नये. पण तिचे कपडे, तिच्या फण्या, तिच्या बाटल्या तिकीट लावून दाखवल्या जातात, आणि तिला कोणी विचारलेलं नाही. राजवाड्यातल्या राणीचं सामान मांडणं वेगळं. ती गेली, तिच्या वंशजांना मानमरातब मिळतो. इथे सामानाची मालकीण जिवंत असू शकते, आणि ते परत मागायला आली तर तिला आधी स्वतःची ओळख सांगावी लागेल. संग्रहालयाने बायकांची खरी नावं पुढे केलेली नाहीत हे चांगलं. त्या इथे आल्या तेव्हाही धंद्याच्या नावानेच राहत होत्या. तरी प्रश्न उरतोच. जाणाऱ्याने निदान तो मनात ठेवून जिना चढावा.

दरपत्रक आणि घड्याळ

सगळ्यात जास्त हशा पिकतो तो दरपत्रकाजवळ. सगळ्यात स्वस्त दर १५ डॉलर, आठ मिनिटांचा. त्यावरचे दर वेळेप्रमाणे आणि सोयींप्रमाणे चढत जातात. फेसाळ पाण्याच्या टबात तासभर ही श्रीमंती चैन. दरपत्रकाच्या जोडीला आहेत टायमर. केक भाजताना ओव्हनजवळ लावतात तेच, स्वयंपाकघरातले, किल्लीचे. गिऱ्हाईक खोलीत गेलं की टायमर फिरवायचा, घंटी वाजली की वेळ संपली. आणखी थांबायचं तर आणखी पैसे.

पर्यटक इथे हसतात आणि पुढे जातात. इथे जरा थांबायला हवं, कारण हे टायमर म्हणजे या इमारतीतलं सगळ्यात बोलकं यंत्र आहे. सिल्व्हर व्हॅलीतल्या खाणींमध्ये ठेक्याची पद्धत जुनी: रोजच्या मूळ मजुरीवर, किती फूट खडक फोडला त्याच्या मापाने जादा पैसे. चांगला ठेकेदार खाणकामगार यात भरपूर कमवायचा आणि घाईत आधाराचे लाकूडखांब नीट लावायला विसरायचा. दिवसभर फुटाच्या मापाने मोजला गेलेला माणूस रात्री मिनिटाच्या मापाने मोजल्या जाणाऱ्या बाईकडे येत होता. दोघांचंही अंग हेच भांडवल, दोघांच्याही डोक्यावर मोजणारा तिसरा. खाणीत तो मुकादम, इथे घरवाली. तिथल्या भाषेत तिला मॅडम म्हणत.

बाईच्या कमाईतला ठरावीक हिस्सा घराचा असे. राहणं, जेवण, कपडे, डॉक्टर यांचा खर्चही बऱ्याच ठिकाणी त्याच कमाईतून वळता होई. म्हणून दरपत्रक वाचताना १५ डॉलर हा आकडा वाचून भागत नाही. त्यातले तिच्या हातात किती पडत, हा खरा आकडा.

बेकायदा, पण सगळ्यांना माहीत

अमेरिकेत नेव्हाडातल्या काही काउंट्या सोडल्या तर कुंटणखाना कायदेशीर नाही. आयडाहोत तो बेकायदाच होता. तरीही वॉलेसमध्ये तो जवळजवळ शंभर वर्षं उघड चालला. ओॲसिस एकटी नव्हती; लक्स, यू अँड आय, जेड, आर्मेंट अशी घरं होती. पाट्यांवर ‘रूम्स’ एवढंच, म्हणजे कागदोपत्री भाड्याच्या खोल्या.

पोलीस, गावसभा आणि घरवाल्या यांच्यात एक अलिखित करार होता. धंदा ठरलेल्या गल्ल्यांत, वरच्या मजल्यांवर करायचा. बायकांनी गावातल्या बारमध्ये जाऊन बसायचं नाही, गावच्या पुरुषांशी बाहेर ओळखी वाढवायच्या नाहीत. ठरलेल्या मुदतीने डॉक्टरची तपासणी करून घ्यायची. गावच्या मुलींना धंद्यात घ्यायचं नाही, बायका बाहेरगावच्याच. या बदल्यात पोलीस वर चढणार नाहीत. पश्चिमेकडच्या अनेक खाणगावांत दर महिन्याला घरवाली आणि बायका नगरपालिकेत जाऊन ठरलेला दंड भरत. कोणाला शिक्षा होत नसे, सुधारणा अपेक्षित नसे. नाव दंड, काम कराचं. आपल्याकडे याला हप्ता म्हणतात. फरक एवढाच की तिथे तो पुष्कळदा चक्क पालिकेच्या वहीत जमा दिसतो.

या वह्या आज इतिहासकारांच्या कामी येतात. गावात रस्ते झाले, दिवे लागले, त्यात या पैशाचा वाटा होता. ज्यांनी तो भरला त्यांना मात्र त्याच रस्त्यांवरून मोकळेपणी फिरायची बंदी होती.

हे सगळं संपलं ते धाडीमुळे असं सांगायची पद्धत आहे. धाडीच्या आवईने दार लागलं हे खरं. पण गिऱ्हाईक त्याआधीच आटलं होतं. चांदीचा भाव १९८० नंतर कोसळला. जवळच्या केलॉग गावातला बंकर हिलचा कारखाना १९८१ मध्ये बंद होण्याची घोषणा झाली आणि दोन हजारांच्या आसपास माणसं घरी बसली. पाठोपाठ एड्सची भीती आली. एफबीआय मोठ्या ताफ्यानिशी वॉलेसमध्ये खरोखर उतरली ती १९९१ च्या उन्हाळ्यात, आणि तीही जुगाराच्या यंत्रांसाठी. सुमारे १५० माणसं आली होती म्हणतात. गावाच्या आजच्या वस्तीच्या जवळपास पाचव्या हिश्शाएवढी. तोवर वरचे मजले जवळपास रिकामे झाले होते.

सोन्यासारख्या मनाची बाई

प्रत्येक खाणगावाला अशी एक बाई लागते. वॉलेसजवळच्या मरी या वस्तीत मॉली बी-डॅम होती. खरं नाव मॅगी हॉल. १८८६ मध्ये देवीची साथ आली तेव्हा गावकरी दारं लावून बसले असताना तिने आजारी खाणकामगारांची शुश्रूषा केली अशी तिची आख्यायिका. ती क्षयाने गेली १८८८ च्या जानेवारीत, ओॲसिस बंद पडण्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी. मरीत आजही तिच्या नावाने उत्सव करतात.

वॉलेसमधल्या ‘लक्स’च्या डोलोरेस आर्नल्डबद्दलही असंच सांगतात. शाळेच्या बँडला गणवेश तिने दिले, गरिबांची बिलं तिने भरली, कोणाकोणाची मुलं तिच्या पैशावर शिकली. यातलं बरंचसं खरं असावं. हेदर ब्रॅनस्टेटर या वॉलेसच्याच लेखिकेने गावकऱ्यांच्या मुलाखती घेऊन २०१७ मध्ये ‘सेलिंग सेक्स इन द सिल्व्हर व्हॅली’ हे पुस्तक लिहिलं. गावाला या बायकांबद्दल किती जिव्हाळा वाटतो आणि तो का वाटतो, याची उकल त्यात आहे. कुंटणखान्यांमुळे आमच्या लेकीबाळी सुरक्षित होत्या, हेही गावकरी ठामपणे सांगतात.

हे शेवटचं वाक्य आपल्याकडेही जसंच्या तसं ऐकू येतं, आणि मला ते कधीच पटलेलं नाही. काही बायकांनी झळ सोसायची म्हणजे बाकीच्यांना सोसावी लागणार नाही, असा तो सौदा आहे, आणि तो करणाऱ्यांत झळ सोसणाऱ्या बायका नसतात. शिवाय बँडचे गणवेश देणाऱ्या घरवालीची गोष्ट गावाला का आवडते, तेही उघड आहे. तिने धर्मादाय केलेला पैसा आधी तिच्या खोल्यांतल्या मुलींनी मिळवलेला होता. त्यांचं नाव कुठल्या गणवेशावर लागलं नाही. आणि गोष्ट सांगायला घरवाली सापडते, कारण ती गावात टिकून राहिली; मुली चार-सहा महिन्यांनी पुढच्या गावाला गेल्या.

ब्यूट आणि क्रिपल क्रीक

याच महामार्गाने पूर्वेला आणखी पावणेचारशे किलोमीटर गेलं की मॉन्टानातलं ब्यूट लागतं. वॉलेस चांदीचं, ब्यूट तांब्याचं. विजेच्या तारा जगभर पसरू लागल्या तेव्हा त्यातलं पुष्कळ तांबं या एका टेकडीतून गेलं. इथली ‘ड्यूमास’ ही इमारत नादो बंधूंनी १८९० मध्ये मुद्दाम कुंटणखाना म्हणून बांधली आणि ती १९८२ पर्यंत त्याच कामाला होती. अमेरिकेत सर्वांत दीर्घकाळ चाललेला कुंटणखाना म्हणून तिचं नाव घेतात.

वास्तू म्हणून ओॲसिसपेक्षा ड्यूमास कितीतरी पटीने सांगण्यासारखी आहे. वरच्या मजल्यावर छतातून उजेड येणारा लांब दिवाणखानावजा बोळ, आणि त्यात उघडणाऱ्या खोल्यांना आतल्या बाजूला खिडक्या, म्हणजे बोळातून चालणाऱ्याला आत बसलेली बाई दिसावी. तळघरात ‘क्रिब’ म्हणजे पलंगापुरत्या कोंदट खोल्या. वर पैसेवाला, खाली खाणकामगार. ऐपतीची उतरंड विटांत बांधून काढलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, केंद्र सरकारच्या हुकमाने तिथली अख्खी गल्ली बंद पाडली गेली. ड्यूमास मात्र त्यानंतरही चालत राहिली. शेवटच्या मालकिणीला अखेर शिक्षा झाली ती आयकर चुकवल्याबद्दल. ड्यूमास बंद पडली त्याच वर्षी ब्यूटमधल्या ‘बर्कली पिट’ या प्रचंड उघड्या खाणीतलं काम थांबलं. पंप बंद झाल्यावर खाण विषारी पाण्याने भरू लागली. ते तळं आज गावाचं दुसरं प्रेक्षणीय स्थळ आहे, त्यालाही तिकीट आहे. १९९५ मध्ये त्या पाण्यावर उतरलेले ३४२ हंस मेले होते.

नव्वदच्या दशकात ड्यूमास वाचवायच्या खटपटीत लैंगिक श्रम करणाऱ्या बायकांची एक अमेरिकी संघटनाही उतरली होती. आपल्या धंद्याचा इतिहास आपण सांगू, हा त्यामागचा विचार. तो पुरता तडीस गेला नाही, ही मला या सगळ्या हकिगतीतली सर्वांत मोठी चुटपुट वाटते. इमारतीने त्यानंतर मालक बदलले, छप्पर गळालं, दारं कधी उघडी राहिली कधी बंद.

कोलोरॅडोतल्या क्रिपल क्रीकच्या ‘ओल्ड होमस्टेड’बद्दल थोडक्यात. सोन्याच्या गावातला हा श्रीमंती कुंटणखाना १८९६ चा, गावातल्या मोठ्या आगीनंतर उभा राहिलेला. मालकीण पर्ल डेव्हिअर पुढच्याच वर्षी, १८९७ च्या जूनमध्ये, मॉर्फिनच्या जादा डोसाने गेली. झुंबरं आणि भिंतीचे परदेशी कागद बघायचे असतील तर ते इथे मिळतात. नंतर एका नियतकालिकाच्या लेखकाने या गल्लीबद्दल खवचट लेख लिहिला, तेव्हा चिडलेल्या गावकऱ्यांनी गल्लीलाच त्याचं नाव देऊन टाकलं असं सांगतात. त्या लेखकाचं नाव ज्युलियन स्ट्रीट, त्यामुळे पाटी आपोआप तयार झाली.

आपल्याकडे असं काही आहे का

नाही. मुंबईत कामाठीपुरा आहे, पण तो संग्रहालय नाही. त्याचा पुनर्विकास व्हायचा आहे. तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांवरून ज्या वस्तीला नाव पडलं, ती ब्रिटिश काळात वेश्यावस्ती झाली, आणि गोदी व गिरण्यांच्या मुंबईशी तिचं नातं वॉलेसच्या खाणींशी असलेल्या ओॲसिसच्या नात्यासारखंच होतं. फॉकलंड रोडवरच्या पिंजऱ्यांचे फोटो मेरी एलन मार्क या अमेरिकन छायाचित्रकार बाईने काढले आणि १९८१ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्याच्या नऊ वर्षं आधी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला होता. त्या वस्तीचं खरं दफ्तर मराठीत तरी कवितेच्या पुस्तकात सापडतं, सरकारी कपाटात नाही.

टॉवर उठल्यावर तिथे एखादी खोली जपून ठेवावी का? ठेवावी, असं माझं मत आहे. पण कोणाच्या ताब्यात, हे आधी ठरावं. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका गेली कित्येक वर्षं स्वतःच्या तोंडाने स्वतःबद्दल बोलत आहेत. आपल्या कायद्यात कुंटणखाना चालवणं गुन्हा आहे, पण सज्ञान बाईने स्वखुशीने शरीरविक्रय करणं हा मुळात गुन्हा नाही. तेव्हा वॉलेसमध्ये जे राहून गेलं, म्हणजे सामानाच्या मालकिणींना विचारणं, ते इथे करता येण्यासारखं आहे. त्या बायका पळून गेलेल्या नाहीत. त्या इथेच आहेत.

जायचं असेल तर

वॉलेस स्पोकॅन विमानतळापासून साधारण १३० किलोमीटर आहे. हा सगळा बर्फाचा मुलूख, त्यामुळे मे ते ऑक्टोबरदरम्यान जाणं बरं. हिवाळ्यात म्युझियम बहुतेक बंद असतं, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. ओॲसिसचा तळमजला आणि तळघर बघायला पैसे पडत नाहीत. तळघरात दारूबंदीच्या काळाची आठवण करून देणारी दारू गाळायची सामग्री आहे. तिकीट लागतं ते वरच्या मजल्याला, आणि तिथे गाइडबरोबरच जायचं असतं. जिना चढावा लागतो, म्हातारी माणसं बरोबर असतील तर हे लक्षात घ्या. आत अश्लील चित्रं वगैरे नाहीत, पण दरपत्रक वाचता येणारं मूल बरोबर असलं तर त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची तयारी हवी. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना मात्र जरूर न्या.

एकटं ओॲसिस बघून निघू नका. गावातून ट्रॉलीने नेऊन ‘सिएरा सिल्व्हर’ खाणीत उतरवतात. तिथे आयुष्य खाणीत घालवलेले निवृत्त कामगार यंत्रं चालू करून दाखवतात आणि त्या आवाजाने कान दुखतात. आधी खाण बघा, मग वरचा मजला. उलट क्रमाने बघितलं तर अर्धं निसटतं. त्याच दिवशी सनशाइनच्या स्मारकाशी पाच मिनिटं थांबता येतं.

ब्यूटला रस्त्यातच जाणार असाल तर ड्यूमास उघडी आहे का ते विचारून घ्या. बंद असली तरी बाहेरून ती गल्ली चालून बघण्यासारखी आहे. क्रिपल क्रीकसाठी मुद्दाम वाट वाकडी करायची गरज नाही. आणि ओॲसिसचा गाइड दरपत्रकाशी येऊन विनोद सांगू लागला, की त्याला एकच विचारा: यातले तिच्या हातात किती पडत?